टोचनचा दोर

माझ्या धाकट्या भावाची गाडी लाल आहे, दोन दारांची आहे, परदेशी आहे आणि बंद आहे. पहिल्या तीन गोष्टी गाव कौतुकानं सांगतं. चौथी मलाच सांगावी लागते.

इंद्रजितनं ती बाणेरच्या एका साहेबाकडून जुनी घेतली. तेव्हाच ती दीड लाख किलोमीटर पळालेली होती. किल्ली देताना साहेबानं म्हणे बॉनेटवरून हात फिरवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे इंद्रजित अजून सगळ्यांना सांगतो. मला विचाराल तर ते पाणी सुटकेचं होतं.

आम्ही दोघं सख्खे भाऊ. पिरंगुटच्या पुढं आमचं गाव. रस्त्याकडेची जमीन दोघांनी एकाच दिवशी विकली. मी माझ्या वाट्याच्या पैशात खोल्या बांधल्या, कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या आणि शोरूममधून कोरी पांढरी गाडी आणली. सात माणसं आरामात बसतात. थंडी असो, पाऊस असो, पहिल्या झटक्याला चालू होते. आजवर गावातल्या एकाही माणसानं तिच्याकडं वळून बघितलेलं नाही.

लाल गाडी मात्र चौकात बंद पडली की जत्रा भरते. कोणी बॉनेट उघडतो, कोणी पाण्याची बाटली आणतो, कोणी नुसताच आत डोकावून मान हलवतो. शेतावरून येणाऱ्या बायकासुद्धा थांबून विचारतात, "काय म्हणतीया गाडी?" घरातलं कोणी आजारी असल्यासारखं. आणि इंद्रजित गंभीर चेहरा करून सांगतो, "कालच्यापरीस बरी हाय."

मला तीन वर्षांपूर्वी कावीळ झाली होती, तेव्हा इतक्या लोकांनी विचारलं नव्हतं.

तिच्या दुरुस्त्यांना अंत नाही. आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर. मग कोणीतरी सांगितलं रेडिएटर गळतोय, तो बदलला. मग पेट्रोलचा पंप, मग प्लग, कॉइल, पंखा. एक पार्ट परदेशातून यायचा होता, तोवर गाडी आमच्या सामायिक अंगणात ताडपत्रीखाली होती. इंद्रजित रोज सकाळी चहाचा कप घेऊन जायचा, ताडपत्रीचा कोपरा उचलायचा आणि बघून परत यायचा. पार्ट आला त्या दिवशी त्याच्या घरी पुरणपोळी होती. पुढच्याच आठवड्यात गाडी पिरंगुटच्या घाटात पुन्हा बंद पडली.

बंद पडली की फोन मला.

"दादा, जरा येतूस का?"

माझ्याकडं एक जुनी पिकअप आहे, खत आणि वैरण वाहायला. तिच्या मागं जाड दोर बांधायचा, दुसरं टोक लाल गाडीच्या पुढच्या कडीला अडकवायचं आणि ओढत आणायचं. याला आमच्याकडं टोचन म्हणतात. म्हणजे गाडी त्याची, कौतुक तिचं आणि टोचनवाला मी. वाटेत लोक मोबाईल काढून फोटो घ्यायचे तेसुद्धा दोराच्या मागच्या बाजूचे. एका फोटोत माझ्या पिकअपचं नुसतं एक चाक आलं होतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण माझी सायलीसुद्धा त्याच गाडीमागं वेडी.

एकुलती एक पोर माझी. हिंजवडीला नोकरी करते, पगार माझ्या खोल्यांच्या भाड्याहून जास्त. काकाचा फोन आला की हातातलं टाकून पळत यायची. "थांबा अप्पा, मी बी येते." टोचन लावलं की पिकअपमध्ये माझ्या शेजारी गुडघे मुडपून, मागच्या काचेकडं तोंड करून बसायची. "दोर सैल पडला अप्पा. आता ताणला. हळू घ्या, काकांनी ब्रेक मारला." घरी पोचेपर्यंत तिची नजर लाल गाडीवर आणि तोंडाचा पट्टा चालू. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल, मैत्रिणीचं भांडण, काय काय. साहिलचं नावही पहिल्यांदा अशाच एका टोचनात निघालं, भुकूमच्या चढावर. मी तेव्हा आरशात दोर बघत होतो. नुसतं "हं" म्हणालो.

माझ्या पांढऱ्या गाडीत ती कानात ते गाण्याचे बोळे घालून मोबाईल बघत बसते. मग मला वाटणार नाही काय? खंडेनवमीला तिनंच सगळ्या गाड्यांना हार केले. लाल गाडीला झेंडूचा बॉनेटभर हार, मध्ये शेवंती. पांढऱ्या गाडीला उरलेल्या फुलांचा.  मी तो हार मोजून बघितला होता आणि तो आरशाच्या दांडीलाही पुरत नव्हता.

हा साहिल मुठा गावचा. घरचं चांगलं आहे, मुलगा शांत आहे. लग्न ठरलं, तारीख निघाली, आणि एक दिवस जेवताना सायली म्हणाली, "अप्पा, पाठवणीला मी काकांच्या गाडीतनं जाणार."

माझा घास हातातच राहिला.

"ती बंद पडंल."

"पडू द्या की," ती हसली.

"आणि पाठराखीण कुटं बसंल? डिकीत?"

"ती मागनं यील वऱ्हाडाच्या गाडीतनं. साहिल गाडी चालवणार आन् मी शेजारी. ठरलंय आमचं."

"आपली गाडी काय वाईट हाय? एसी हाय, सात माणसं बसत्यात."

"अप्पा, मला कुटं सात माणसं न्ह्यायचीत?"

सायलीची आई म्हणाली, "अवो, पोरीची हौस हाय. पुरवा की." दोघी एकमेकींकडं बघून गालात हसल्या. मी ताटावरून उठलो. बाहेर इंद्रजितला बातमी आधीच लागली होती. तो ताडपत्री बाजूला करून गाडीचा टप पुसत होता, आणि पुसता पुसता चक्क रडत होता.

"दादा, पोरीनं माझ्या गाडीची लाज राखली रं," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्म मी दिला, शाळेत मी सोडलं, टायफॉइडमध्ये उशाशी मी बसलो, आणि माझ्या घरातून ती निघणार कशात, तर त्याच्या खटाऱ्यात. एवढी वर्षं नुसता डोळ्यात खुपत होता तो लाल रंग. आता पोटात दुखायला लागलं.

त्या रात्रीपासून मला लग्नाचं एकच चित्र दिसायचं. आमच्या भावकीत रीत अशी, की लेकीचा बाप पाठवणीला गावच्या वेशीपर्यंत जातो आणि तिथून मागं फिरतो. व्याही मानाचं बोलावणं धाडत नाहीत तोवर बापानं लेकीच्या सासरी पाऊल टाकायचं नाही. मीही वेशीवर थांबणार. गाडी उरवड्याच्या पुढं मुठ्याचा चढ चढायला लागणार, आणि तिथं बंद पडणार. पडणार म्हणजे पडणारच. मग अख्खं वऱ्हाड खाली उतरणार. इंद्रजित बाह्या सरसावून बॉनेटमध्ये शिरणार. पाहुणे फोटो काढणार. आणि मला फोन येणार, "दादा, जरा येतूस का?" मी फेटा बांधलेला नवरीचा बाप, रीत मोडून, दोर घेऊन धावणार आणि त्या गाडीला व्याह्यांच्या दारापर्यंत ओढत नेणार. लोक वर्षानुवर्षं सांगणार, इंद्रजितच्या गाडीनं लग्नात काय मजा आणली. नवरी कोणाची होती हे कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

विचार करता करता मला एक गोष्ट उमगली. ही गाडी पळते म्हणून कोणी तिचं कौतुक करत नाही. ती बंद पडते म्हणून तिचे लाड होतात. माझी गाडी कोणी बघत नाही, कारण ती कधी बंद पडत नाही. मग लाल गाडी एकदाची नीट झाली, तर तिचाही भाव उतरेल. चार चाकं आणि एक इंजिन, माझ्या गाडीसारखीच. तिला सरळ करायची, म्हणजे लग्नात तिचा तमाशा होणार नाही, गर्दी जमणार नाही, कोणी फोटो काढणार नाही. पोर जाईल, गाडी जाईल, संपलं.

इंद्रजित पत्रिका वाटायला बायकोच्या माहेरी गेला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "किल्ली ठेवून जा. लग्नाआधी जरा पॉलिश करून आणतो." त्यानं माझे हात धरले. त्याला वाटलं माझा राग गेला.

ती गाडी मी स्वतः कधीच चालवली नव्हती. बावधनला गॅरेज आहे, तिथं न्यायची होती. सकाळी गारव्यात बाहेर काढली. बसलो तर जमिनीला टेकल्यासारखं वाटलं. पाय नुसता ठेवला आणि ती अशी काही उडाली की माझ्या तोंडातून पोरासारखी आरोळी निघाली. खोटं कशाला बोलू, मजा आली. त्यामुळं तर अजूनच राग आला.

घाटात वर पोचता पोचता बंद पडली. मी कडेला उभा राहिलो. दोन मिनिटांत तीन मोटारसायकली थांबल्या. एका पोरानं पाणी दिलं, एकानं सावलीला चला म्हटलं, एकीनं गाडीला टेकून फोटो काढला. सगळे माझ्याशी किती प्रेमानं बोलत होते. अर्ध्या तासानं गाडी गार झाली आणि किल्ली फिरवताच चालू झाली. तेव्हा त्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बावधनच्या गॅरेजचा मालक माऊली नावाचा आहे. त्यानं यापूर्वी या गाडीला हात लावला नव्हता. मी त्याला सांगितलं, हे बदल ते बदल असं करू नकोस, दुखणं शोध. त्यानं विचारलं, "बंद कधी पडते?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. इंद्रजितला विचारलं की तो म्हणतो, तिची मर्जी. पण इतकी वर्षं दोर मी बांधला होता. मी सांगितलं, गार असताना कधीच नाही. चढाला, इंजिन चांगलं तापलं की. आधी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली येतो, मग इंजिन जातं. निवली की जणू काही झालंच नाही.

माऊली थोडा वेळ डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "अप्पा, इंजिनाच्या खाली एक सेन्सर असतो. तो तापला की मरतो, निवला की उठतो. एवढंच असणार बघा."

एवढंच होतं. हाताच्या अंगठ्याएवढी वस्तू. नवीन मागवली, बसवली, दुपारच्या उन्हात पिरंगुटचा घाट खाली-वर करून बघितला. गाडी शहाण्या बाईसारखी चालली. माऊलीनं जुना सेन्सर कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. असा बदललेला पार्ट गिऱ्हाइकाला दाखवायची त्याची पद्धत. मी तो घरी आल्यावर पिकअपच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून दिला.

कोणाला सांगितलं नाही. इंद्रजित आला, चकाकणारा रंग बघून खूश झाला, आणि लग्नात धूळ नको म्हणून त्यानं गाडी पुन्हा ताडपत्रीखाली झाकली. मीही पिकअपमधला दोर काढला, धुतला आणि गोठ्यात खुंटीला टांगून ठेवला.

लग्न गावातच झालं, मारुतीपुढच्या पटांगणात. जेवणं उत्तम, व्याही समाधानी. पाठवणीची वेळ आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सायली आईच्या गळ्यात पडली, काकूच्या पडली, इंद्रजितच्या पडली. वेशीपर्यंत सगळे चालत गेलो. लाल गाडी फुलांनी मढून पुढं उभी होती, साहिल आत बसला होता. सगळ्यांत शेवटी ती माझ्याजवळ आली, माझ्या छातीवर डोकं टेकवलं आणि हळूच विचारलं, "अप्पा, पिकअपमधी दोर हाय न्हवं?"

मला लागलं ते. निघतानासुद्धा पोरीला गाडीची काळजी.

"दोर कशाला?" मी ताठ मानेनं म्हणालो. "तू बिनघोर जा. गाडी कुटं बी थांबायची न्हाई."

तिनं वर माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होती, पण मागून बायकांनी तिला आत बसवलं. साहिलनं किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला गाडी चालू झाली. तुम्हाला खोटं वाटेल, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोर सासरी चालली होती आणि लोक गाडीला टाळ्या वाजवत होते.

मी वेशीच्या दगडापाशी उभा राहिलो. धूळ बसली, वऱ्हाडाच्या गाड्या गेल्या, इंद्रजितही त्यांच्याबरोबर गेला. मी घरी येऊन ओट्यावर बसलो. फोन समोर ठेवला होता. तो वाजू नये म्हणून एवढा खटाटोप केला, आणि आता तो वाजत नव्हता म्हणून सारखा उचलून बघत होतो.

दिवेलागणीला वाजला. इंद्रजित.

"दादा! अरं काय सांगू तुला! चढ एका दमात चढली. एका दमात! व्याही, पाव्हणे, समदे बघत ऱ्हायले. पोरीसाठी कशी शहाण्यावानी वागली बघ. मुकी असली तरी कळतं रं तिला. आत्ता बायकांनी दृष्ट काढली."

"सायलीची?"

"दोघींची. आधी गाडीची."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. केलं मी, पैसा माझा, डोकं माझं, आणि नारळ ओवाळला तो त्या पत्र्याला. बोलायचीही सोय नव्हती. तेवढ्यात तो म्हणाला, "धर, सायली बोलतीया."

"अप्पा, जेवला का?"

"जेवतो आता. तू पोचलीस न्हवं नीट?"

"व्हय." मग ती हळूच म्हणाली, "कुटंच बंद पडली न्हाई."

"म्हणलं व्हतं ना मी."

"चढाला मी यांना म्हणलं, एसी सगळा लावा, बारक्या गिअरमधी घ्या, तापू दे. तरी न्हाई पडली. मग वर खिंडीत थांबवली. बंद करायला लावली. वऱ्हाडाच्या गाड्या पुढं जाऊ दिल्या. परत किल्ली फिरवली तर लगीच चालू."

"अगं पर कशापायी?"

"मला वाटलं व्हतं ती बंद पडंल," सायली म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मग मी तुमाला फोन करीन. मग तुमी दोर घेऊन याल. टोचन करायला आलेल्या बापाला कोण म्हणंल वेशीतनं मागं फिरा म्हणून? यांना सांगून ठेवलं व्हतं मी, तुमी मागं स्टेरिंग धरून बसा, मी अप्पांच्या शेजारी बसून दोर बघणार. आईला बी ठाव व्हतं. दारापातुर आणलं असतंत तुमी मला."

मी फोन या कानावरून त्या कानाला नेला.

"अप्पा? ऐकताय न्हवं?"

"हं," मी म्हणालो.

"तुमी काय केलंत का गाडीला?"

"मी कशाला काय करू? माझा काय संबंध?"

"मग झाली म्हणायची शहाणी," ती म्हणाली आणि नाक ओढलं. "परवा मांडवपरतणीला येतोय आमी. काकांनी यायला-जायला हीच गाडी ऱ्हाऊ दे म्हणलंय." तिला कोणीतरी हाक मारली, आणि फोन बंद झाला.

सायलीची आई दारात उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सगळं ओळखलं. "तुमीच नीट केलीत ना ती?" एवढंच म्हणाली. मी मान खाली घातली. ती रागावली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी पिकअपमध्ये जाऊन बसलो. शेजारची जागा रिकामी. मागच्या काचेवर, ती हनुवटी टेकवायची तिथं, एक पुसट डाग आहे. त्या गाडीचा मी इतकी वर्षं हेवा केला, आणि ती बंद पडायची म्हणूनच माझी पोर तासन् तास माझ्या शेजारी बसायची. ती काचेतून मागं बघायची एवढंच मला दिसलं. बोलायची मात्र माझ्याशी. साहिलचं नाव तिनं काकाला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, पहिल्यांदा मला सांगितलं होतं, आणि मी दोर बघत होतो. मला रडू आलं. डोळे पुसले, तर पुन्हा आलं.

मांडवपरतणी म्हणजे लेक-जावई येणार, मुक्काम करणार आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार. व्याह्यांचं बोलावणं काही तोवर येत नसतं. मी पुन्हा वेशीच्या दगडापाशीच उभा राहणार. पण रात्रभर लाल गाडी आमच्या अंगणात असणार.

मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. कागदाची पुडी तिथंच होती. मी माऊलीला फोन लावला.

"माऊली, परवा संध्याकाळी घरी येऊन एक काम करशील का? इंद्रजितच्या नकळत. तो जुना सेन्सर परत बसवायचाय."

"अहो अप्पा, तो खराब आहे. चढाला गाडी बंद पडेल."

"नक्की पडंल ना?" मी विचारलं.

"नक्की," तो गोंधळून म्हणाला.

गाडीची पुन्हा जत्रा भरणार, इंद्रजित बॉनेटमध्ये शिरणार, फोटो निघणार, आणि माझं त्यात फार तर एक चाक येणार, हे सगळं मला दिसत होतं, आणि अजूनही खुपतच होतं. मी गोठ्यात गेलो, खुंटीवरचा दोर काढला आणि पिकअपच्या सीटमागं नेऊन ठेवला.